नेम आणि माप

लंडनमध्ये १८८७ चा उन्हाळा मोठ्या धामधुमीचा होता. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला ५० वर्षे झाली होती आणि अर्ल्स कोर्टच्या मैदानावर अमेरिकेहून आलेला बफेलो बिलचा ‘वाइल्ड वेस्ट’ हा खेळ पाहण्यासाठी लोकांची रीघ लागली होती. घोडेस्वार, गवे, रेड इंडियन योद्धे, लुटली जाणारी डाकगाडी असा सारा जामानिमा त्यात होता. पण लोकांच्या तोंडी नाव होते ते जेमतेम ५ फूट उंचीच्या, किरकोळ बांध्याच्या एका तरुणीचे. हवेत भिरकावलेले काचेचे गोळे ती लीलया फोडी, पाठमोरी उभी राहून आरशात पाहत खांद्यावरून नेम साधी, कडेने धरलेल्या पत्त्याचे दोन तुकडे करी. तिचे नाव अ‍ॅनी ओकली.

हीच अ‍ॅनी त्या काळात लंडनमध्ये एका गोष्टीपुढे हतबल झाली होती. पिंजऱ्यातून सोडलेल्या जिवंत कबुतरांवर नेमबाजी करण्याची त्या वेळी इंग्लंडमध्ये चाल होती. (१९२१ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून हा प्रकार बंद केला, हे बरेच झाले.) ‘ब्लू रॉक’ म्हणून ओळखली जाणारी ती कबुतरे लहान चणीची आणि विलक्षण चपळ. पिंजरा उघडताच वळण घेत, खाली झेपावत ती क्षणार्धात माऱ्याबाहेर जात. अ‍ॅनीने त्यांच्यावर प्रथम नेम धरला तेव्हा बहुतेक पक्षी निसटले. अमेरिकेत शेकडो सामने खेळलेल्या बाईवर ही पाळी यावी, याचे खुद्द तिलाही आश्चर्य वाटले असणार.

चूक तिच्या नजरेत नव्हती, हातातही नव्हती. ती बंदुकीत होती. हे ज्याने ओळखले तो लंडनच्या न्यू बाँड स्ट्रीटवरचा एक बंदूककार होता. दुकान चार्ल्स लँकेस्टर या नावाचे. परंतु मूळचे लँकेस्टर घराणे मागे पडून त्या नावाने व्यवसाय चालवीत होता तो त्यांच्याकडेच काम शिकलेला हेन्री थॉर्न. गिऱ्हाइकाला नुसती बंदूक विकून तो थांबत नसे. लंडनजवळच्या आपल्या मैदानावर नेऊन त्याला नेमबाजी करायला लावी, खांदा, गाल, मान, हाताची लांबी यांकडे बारकाईने पाही आणि मग बंदूक बेती. १८८९ मध्ये त्याने नेमबाजीच्या कलेवर लिहिलेले पुस्तक पुढे अनेक वर्षे वाचले गेले. अ‍ॅनीची बंदूक पाहताच त्याचा निदानाचा आकडा पक्का झाला : ती तिच्या अंगकाठीला फार जड आहे आणि तिच्या मापाची नाही.

येथे बंदुकीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. रायफलला मागे आणि पुढे असे नेम धरण्याचे दोन बिंदू असतात. ते एका रेषेत आणले की काम झाले. छऱ्यांच्या दुनळी बंदुकीला पुढच्या टोकावर फक्त एक बारीक मणी असतो. मागचा बिंदू म्हणजे नेमबाजाचा डोळा. हा डोळा नेमका कोठे येईल, हे ठरते दस्त्यावर, म्हणजे खांद्याला आणि गालाला टेकणाऱ्या लाकडी भागावर. उडता पक्षी समोर असताना नेम जुळवीत बसायला उसंत नसते. बंदूक उचलली, गालाला लागली, खांद्यात बसली आणि बार झाला, इतकाच तो वेळ. त्यामुळे दस्ता असा हवा की डोळे मिटून बंदूक उचलावी आणि डोळे उघडावेत, तर दृष्टी नळीच्या बरोबर मध्यावरून पुढे गेलेली असावी.

यातली चूक किती महाग पडते, याचे गणित सोपे आहे. डोळ्यापासून नळीच्या टोकापर्यंत सुमारे ३ फूट अंतर असते. पक्षी ४० यार्डांवर, म्हणजे १२० फुटांवर असेल, तर हे अंतर चाळीसपट झाले. डोळा जागेपासून एक अष्टमांश इंच सरकला, तर तिकडे मारा ५ इंचांनी सरकतो. पाव इंच सरकला तर १० इंचांनी. दस्त्याची वरची कड, जिच्यावर गाल टेकतो, ती उंच असेल तर छरे पक्ष्याच्या डोक्यावरून जातात. सखल असेल तर पायाखालून. उजव्या खांद्याने बार काढणाऱ्यासाठी दस्ता किंचित उजवीकडे झुकविलेला लागतो, कारण डोळा खांद्याच्या रेषेत नसून आत असतो. हा झुकाव कोणाला किती, ते ज्याच्या त्याच्या छातीच्या नि चेहऱ्याच्या रुंदीवर.

आणि या सगळ्याच्या आधी येते ती दस्त्याची लांबी. चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचे हे अंतर पुरुषांच्या बंदुकीत साधारणपणे १४ ते १५ इंच असते. आखूड हाताच्या माणसाने तशी बंदूक उचलली तर टोक काखेपाशी कपड्यात अडकते, खांद्याच्या खळग्यात न बसता दंडावर जाते, नळी वेळेवर वर येत नाही. आणि मग त्या दणक्याने दंड काळानिळा होतो तो वेगळाच. दस्ता फार आखूड झाला तरी पंचाईतच, कारण बार होताना अंगठा नाकावर येऊन आदळतो. स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. दस्त्याचे खालचे टोक छातीत रुतते. त्यासाठी मागचा छेद सरळ न ठेवता थोडा तिरपा द्यावा लागतो. हे न करता बाईला बंदूक सोसवत नाही, असा निष्कर्ष काढून मोकळे होण्याची रीत मात्र फार जुनी.

दस्ता आखूड करणे म्हणजे करवत घेऊन तुकडा पाडणे, इतकेच असते तर कोणताही सुतार ते करता. अक्रोडाचे जुने, रेषा उमटलेले लाकूड एकदा कापले की पुन्हा जोडता येत नाही. जोडलेच तर सांधा जन्मभर दिसतो. म्हणून जाणता कारागीर आधी थोडे कमी कापतो, बंदूक पुन्हा पुन्हा खांद्याला लावून पाहतो आणि मग कानशीने उरलेले उतरवितो. करवतीने कड फुटू नये म्हणून खुणेवर पट्टी गुंडाळतो. मागचे वजन घटले की नळी पुढे जड वाटू लागते. तेव्हा तोलही नव्याने साधावा लागतो. उंची आणि झुकाव बदलायचा असेल तर लाकूड कापून भागत नाही. दस्त्याची मान गरम तेलाने किंवा वाफेने तापवून हळूहळू वाकवितात आणि थंड होईपर्यंत तशीच आवळून ठेवतात. घाई केली तर तडा जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कारागिरांनी मापे घेण्यासाठी एक खास बंदूकच तयार केली. तिच्या दस्त्याला सांधे आणि स्क्रू असत. गिऱ्हाइकाच्या खांद्यावर ती लांब-आखूड, वर-खाली, डावी-उजवी करून पाहायची आणि जुळलेली मापे टिपून घ्यायची. शिंप्याच्या टेपसारखेच हे साधन.

थॉर्नने अ‍ॅनीसाठी नव्या बंदुका घडविल्या. त्या वजनाला हलक्या होत्या, लहान तोंडाची २० बोअरची बंदूकही त्यांत होती आणि दस्ते तिच्या मापाचे होते. तिला त्याने आपल्या मैदानावर उडत्या पक्ष्यांचा सरावही दिला. फरक लगेच दिसला. जून १८८७ मध्ये लंडनच्या प्रतिष्ठित गन क्लबने तिला सुवर्णपदक दिले. रशियाचा ग्रँड ड्यूक मायकेल याच्याशी झालेला सामनाही तिने ४७ विरुद्ध ३६ असा जिंकला. तोवर तिच्या नेमबाजीकडे सर्कशीतला चमत्कार म्हणून पाहणारे शिकारी उमराव तिला बरोबरीची नेमबाज मानू लागले.

दुसऱ्यासाठी केलेल्या वस्तू वापरण्याची सवय अ‍ॅनीला लहानपणापासून होती. तिचा जन्म १३ ऑगस्ट १८६० चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डार्क परगण्यातला. पाळण्यातले नाव फीबी अ‍ॅन, आडनाव मोझेस. काही कागदांत ते मोझी असेही आढळते. आईबाप क्वेकर पंथाचे, घर लाकडी ओंडक्यांचे, शेत गहाण. बाप जेकब वयाने बराच मोठा होता. हिमवादळात सापडून तो घरी परतला तो जायबंदी होऊनच; १८६६ मध्ये वारला. मागे विधवा आई आणि मुलांचे लेंढार. चुलीच्या वर टांगलेली बापाची ठासणीची लांब बंदूक अ‍ॅनीने खाली काढली तेव्हा ती ८ वर्षांची होती. बंदूक जवळजवळ तिच्याच उंचीची. खांद्यावर पेलणे शक्यच नव्हते, म्हणून ओसरीच्या कठड्यावर टेकवून तिने पहिला बार काढला आणि एक खार टिपली. ही हकिकत पुढे तिनेच सांगितली. वय आणि प्रसंग यांबाबत तिच्या सांगण्यात कधी कधी मेळ नसतो. परंतु कठड्याचा तपशील खोटा वाटत नाही. ज्याला बंदूक मापाची नाही, तो टेकू शोधतोच.

घरचे भागेना तेव्हा तिला परगण्याच्या अनाथालयात ठेवण्यात आले. तेथे ती शिवणकाम शिकली. मापे घेणे, कापड बेतणे, टाके घालणे हे कसब तिला आयुष्यभर पुरले. पुढे खेळातले आपले सगळे पोशाख ती स्वतः शिवी. तेथून तिला एका शेतकरी कुटुंबाकडे कामाला दिले गेले. तेथे तिचा अतोनात छळ झाला. त्या माणसांचे नाव तिने पुढे कधीच सांगितले नाही. आठवण काढताना ती त्यांना लांडगे म्हणे. सुमारे दोन वर्षांनी ती पळून आली.

घरी परतल्यावर तिने बंदूक पोटासाठी हाती घेतली. रानात तितर, ससे मारायचे आणि ग्रीनव्हिल गावातल्या दुकानदाराला विकायचे. तेथून माल सिनसिनाटीच्या हॉटेलांत जाई. छऱ्यांनी चाळण झालेले मांस गिऱ्हाइकांना नको असते, म्हणून डोक्यावर नेम धरण्याची तिची शिस्त. एका काडतुसाचीही किंमत घरखर्चातून जात असल्याने बार वाया घालविण्याची चैन तिला परवडणारी नव्हती. पंधराव्या वर्षी तिने या कमाईतून आईच्या शेतावरचे गहाणखत फेडले. मोठमोठ्या पदकांपेक्षा हा हिशेब थोर आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

फ्रँक बटलर हा आयरिश वंशाचा, खेळ करीत हिंडणारा नेमबाज. सिनसिनाटीत आलेला असताना एका हॉटेलवाल्याने त्याची गाठ एका स्थानिक नेमबाजाशी घालून दिली. प्रतिस्पर्धी म्हणून समोर आली ती ही अल्पवयीन दिसणारी मुलगी. अखेरचे लक्ष्य बटलरचे हुकले, तिचे लागले आणि ती एका गुणाने जिंकली. हा सामना १८७५ चा की १८८१ चा, यावर अभ्यासकांत वाद आहे. विवाहाचा उपलब्ध दाखला मात्र १८८२ चा. बटलर काही दिवस तिच्याबरोबर खेळ करीत राहिला आणि लवकरच त्याच्या लक्षात आले की लोक तिला पाहायला येतात. तो बाजूला सरला, तिचा व्यवस्थापक झाला, तिच्यासाठी लक्ष्ये उडवू लागला, सामने ठरवू लागला, बंदुका राखू लागला. त्या काळच्या नवऱ्यांत, किंबहुना कोणत्याही काळच्या, असा शहाणपणा दुर्मीळ. ओकली हे रंगभूमीवरचे आडनाव तिने याच दिवसांत घेतले.

१८८४ मध्ये मिनेसोटातल्या सेंट पॉल येथे लाकोटांचा नेता सिटिंग बुल याने तिचा खेळ पाहिला आणि तिला मानसकन्या मानून छोटी अचूक नेमबाज अशा अर्थाचे नाव दिले. पुढच्या वर्षी ती ‘वाइल्ड वेस्ट’मध्ये दाखल झाली. त्याच सुमारास तिने एका दिवसात ५,००० काचगोळ्यांपैकी ४,७७२ फोडल्याची नोंद आहे. ५,००० बार म्हणजे खांद्यावर ५,००० दणके. शंभर-एकशे दहा पौंड वजनाच्या देहाने हे सोसले कसे, हा प्रश्न नेमाच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे. लंडनमध्ये थॉर्नने जे निदान केले, त्याची पूर्वपीठिका ही अशी आहे. आपल्या मापाच्या नसलेल्या हत्यारांशी ती तोवर केवळ जिद्दीने आणि सरावाने जुळवून घेत आली होती. स्थिर वा ठरावीक वाटेने उडणाऱ्या लक्ष्यांपुढे ते खपून गेले. ब्लू रॉक कबुतरांपुढे खपले नाही.

लंडनचा मुक्काम संपल्यावर बफेलो बिलशी काही काळ तिचे फाटले. १८८९ मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी ती परतली आणि युरोपभर गाजली. १८९४ मध्ये एडिसनच्या चित्रीकरणशाळेत तिच्या नेमबाजीची छोटी चित्रफीत तयार झाली; ती आजही पाहता येते. १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध होण्याची चिन्हे दिसू लागली तेव्हा तिने राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांना पत्र लिहून ५० महिला नेमबाजांची तुकडी, स्वतःच्या बंदुका आणि दारूगोळ्यासह, देऊ केली. सरकारने ती स्वीकारली नाही. १९०१ च्या ऑक्टोबरात नॉर्थ कॅरोलिनात खेळाच्या आगगाडीला अपघात झाला, तिच्या पाठीला दुखापत झाली आणि ‘वाइल्ड वेस्ट’मधली तिची १७ वर्षांची कारकीर्द संपली.

दोन वर्षांनी निराळेच बालंट आले. शिकागोत तिचे नाव सांगणारी एक बाई चोरीच्या प्रकरणात पकडली गेली आणि अंमली पदार्थांच्या आहारी गेलेली अ‍ॅनी ओकली म्हणून ती बातमी देशभर छापून आली. अ‍ॅनीने ५५ वृत्तपत्रांवर दावे लावले. अनेक वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजविल्या आणि ५४ दावे जिंकले. पैशापेक्षा नावाची भरपाई तिला हवी होती.

उतारवयात तिने जे काम केले ते मात्र तिच्या खेळांइतके लोकांच्या ध्यानात राहिले नाही. नॉर्थ कॅरोलिनातल्या पाइनहर्स्ट येथील हॉटेलात ती आणि बटलर हिवाळ्यात राहत, आणि तेथे येणाऱ्या स्त्रियांना ती नेमबाजी शिकवी. शिकणाऱ्यांची संख्या एकेका हंगामात शेकड्यांनी मोजावी लागे. अशा बायकांच्या हाती बहुधा नवऱ्याची नाही तर भावाची बंदूक असे; दस्ता लांब, वजन अधिक, गालाला न लागणारी. पहिल्याच बाराने दंड काळा पडला की हे आपले काम नव्हे, असे त्या ठरवून टाकीत. अ‍ॅनी आपल्या लेखांतून आणि बोलण्यातून सतत सांगत आली ते हेच, की बंदूक अंगाला बसणारी हवी, हलकी हवी, आणि न बसणाऱ्या बंदुकीने शिकलेला माणूस चुकाच शिकतो. थॉर्नने एका दिवसात तिला जे दाखवून दिले ते तिने पंचवीस-तीस वर्षे इतरांना वाटले. घरात बंदूक असेल तर स्त्रीला ती नीट हाताळता आली पाहिजे, हा तिचा आग्रह होता. गंमत अशी की, स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीपासून ती दूर राहिली. पोशाखातही ती शालीन, जुन्या वळणाची. पण नवशिकीच्या खांद्यावर बंदूक नीट बसवून देताना ती जे करीत होती त्याला काही नाव देण्याची तिला गरज वाटली नसावी.

मार्च १९२२ मध्ये, वयाच्या ६१ व्या वर्षी, पाइनहर्स्टला तिने मातीच्या १०० तबकड्यांपैकी १०० फोडल्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात फ्लोरिडात तिची मोटार उलटली. कमरेचे आणि घोट्याचे हाड मोडले आणि पायाला पोलादी आधारपट्टी कायमची बसली. नेमबाजाच्या मापात त्याचे उभे राहणेही धरलेले असते. पाय बदलले की खांद्याची पातळी बदलते, मान वेगळी वळते आणि वर्षानुवर्षे जुळलेला दस्ता परका वाटू लागतो. पट्टी बांधलेल्या पायावर तोल सावरीत ती पुन्हा उभी राहिली आणि १९२४ मध्ये पुन्हा लोकांसमोर नेमबाजी केली.

मिळालेली सुवर्णपदके तिने वितळवून ते पैसे दान केले होते. अखेरचे दिवस ती ओहायोत, आपल्या माणसांत राहिली. ३ नोव्हेंबर १९२६ रोजी ग्रीनव्हिल येथे तिचे निधन झाले. ज्या गावी ती पोरवयात शिकार विकायला जाई तेच हे गाव. त्या वेळी बटलर मिशिगनमध्ये आजारी होता. तिच्या पाठोपाठ त्याने अन्न सोडले, असे नातलग सांगत. २१ नोव्हेंबरला तोही गेला. दोघांना डार्क परगण्यातल्याच ब्रॉक येथील दफनभूमीत शेजारी शेजारी ठेवण्यात आले. ग्रीनव्हिलच्या गार्स्ट संग्रहालयात तिच्या वापरातल्या वस्तू आजही जपून ठेवलेल्या आहेत.